एकोणीस की तेरा? नाशिकच्या एका कर्करोग संशोधिकेच्या आकड्यांचं प्रकरण

नोकरीच्या अर्जावर संशोधनाचा कोणता आकडा लिहायचा, याचं हे प्रकरण संबंधित संशोधिकेच्या संमतीने लिहीत आहे. त्यांचं, संस्थेचं किंवा समितीतल्या कुणाचंही नाव दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेच आहे. मी त्याच संस्थेत ग्रंथपाल आहे आणि संशोधन कक्षाचं कामही माझ्याकडेच असतं. तेव्हा हे बाहेरून पाहणाऱ्याचं टिपण नाही. यातल्या एका चुकीत माझाही वाटा आहे आणि तो पुढे येईलच.

पार्श्वभूमी

मॅडम पॅथॉलॉजिस्ट आहेत. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या नाशिकला रुजू झाल्या. तेव्हापासून त्यांच्या मायक्रोस्कोपखाली सर्वांत जास्त काय आलं असेल, तर तोंडातून काढलेले तुकडे: गालाच्या आतले, जिभेच्या कडेचे, हिरडीचे. महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैत गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून मिळत राहिली आणि तुकडेही येत राहिले. पुरुषांच्या बाबतीत कारण उघड होतं. मॅडमना अस्वस्थ करायच्या त्या बायका. सुरगाणा, पेठ, कळवणकडून एस.टी.ने येणाऱ्या, आयुष्यात कधी पुडी न फोडलेल्या, पण सकाळ-संध्याकाळ मशेरी लावणाऱ्या. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू बोटाने दातांना लावायची, हे त्यांच्या लेखी व्यसन नसतं, दात घासणं असतं. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की त्या खरेपणाने "नाही" म्हणतात आणि केसपेपरवर तसंच लिहिलं जातं.

या निरीक्षणातून मॅडमचं सर्वांत मोलाचं काम उभं राहिलं. काही गावांतल्या आशाताईंना त्यांनी बॅटरी आणि लाकडी पट्टी देऊन तोंड तपासायला शिकवलं. प्रशिक्षित आरोग्यसेवकाने नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासलं तरी जीव वाचतात, हे तिरुवनंतपुरमच्या मोठ्या चाचणीने २००५ मध्ये दाखवून दिलं होतं. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यात ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. मॅडमनी तपासणीची पद्धत तीच ठेवली, प्रश्न बदलला. "मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा? लग्नाआधीपासून की नंतर?" प्रश्न बदलल्यावर उत्तरंही बदलली. हा अभ्यास एका छोट्या भारतीय जर्नलमध्ये छापून आला. आजवर त्याला ११ सायटेशन्स आहेत, म्हणजे पुढच्या ११ पेपरांनी त्याचा संदर्भ दिला आहे.

दुसरीकडे त्यांचं नाव एका बहुराष्ट्रीय अभ्यासात आहे. त्यात १३७ लेखक असून मॅडम ६१ व्या. नाशिकमधल्या २३ रुग्णांची माहिती आणि स्लाइड्स त्यांनी दिल्या, काही स्लाइड्स पुन्हा वाचून दिल्या. त्या पेपरला १,१०४ सायटेशन्स आहेत.

या दोन टोकांच्या मध्ये उरलेलं सगळं येतं: एम.डी.च्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून निघालेले पेपर, दुर्मिळ गाठींच्या केस रिपोर्टी, सुईने पेशी काढून करायच्या तपासणीवरचे चार-पाच चांगले लेख.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात नाशिकमधल्याच एका संस्थेत नव्या कर्करोग संशोधन विभागाच्या प्रमुखपदाची जाहिरात आली. मॅडमनी अर्ज करायचं ठरवलं. अर्जात चार चौकटी होत्या: एकूण पेपर, एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स आणि "एकूण इम्पॅक्ट फॅक्टर". त्याखाली एक ओळ होती, "निवडक तीन पेपर जोडावेत."

चौकटींचा अर्थ

पुढचं समजायला हे लागेल, म्हणून थोडक्यात सांगतो. एच-इंडेक्स ही कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. एखाद्याचे १३ पेपर असे असतील की प्रत्येकाला किमान १३ सायटेशन्स आहेत, तर त्याचा एच-इंडेक्स १३. एकाच पेपरला हजार सायटेशन्स असल्या तरी त्याने हा आकडा फार हलत नाही, हा त्याचा गुण. तो कधीच खाली येत नाही, वयाबरोबर वाढतच जातो आणि पेपरवर तुम्ही पहिले आहात की ६१ वे याने त्याला काही फरक पडत नाही, हे त्याचे दोष.

इम्पॅक्ट फॅक्टर हा तर माणसाचा आकडाच नाही. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये बीज पेरलेली ती जर्नलची मोजणी आहे: मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स मिळाल्या. कर्करोगाच्या क्षेत्रात तर ही सरासरी किती फसवी असते याचं उदाहरण समोरच आहे. 'सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स' या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर काही शेकड्यांत जातो. त्याचं मुख्य कारण म्हणजे त्यात नियमाने येणारे कर्करोगाच्या आकडेवारीचे लेख. कर्करोगावर पेपर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच परिच्छेदात ते उद्धृत करतो. त्याच जर्नलमधल्या शेजारच्या लेखालाही तोच इम्पॅक्ट फॅक्टर चिकटतो. आणि असे निरनिराळ्या जर्नल्सचे आकडे एका माणसाच्या नावापुढे बेरीज करून लिहायचे, तर त्या बेरजेला काहीच अर्थ उरत नाही. जर्नलच्या आकड्यावरून संशोधकाला जोखू नये, हे डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्याने स्पष्ट सांगितलं. आपल्याकडच्या फॉर्मांवर ती चौकट अजून आहे.

अडचण

मॅडमचं एका मोफत प्रणालीवर प्रोफाइल होतं. ते काही वर्षांपूर्वी विभागातल्या एका निवासी डॉक्टरने घाईत बनवून दिलेलं. त्यात ९६ पेपर, २,४१२ सायटेशन्स आणि एच-इंडेक्स १९ दिसत होता. अर्जासाठी मी हेच आकडे उतरवायला घेतले. यादी खाली सरकवताना मॅडम शेजारी बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, "सर, थांबा. हा द्राक्षावरच्या भुरीचा पेपर माझ्या यादीत कसा?"

आम्ही पुन्हा वर गेलो. पॉलिमरच्या रसायनशास्त्रावरचे पेपर, सिमेंटच्या मजबुतीवरचा एक, द्राक्षावरच्या भुरीवरचे दोन. आद्याक्षर तेच, आडनाव तेच. नव्या पेपरांची आपोआप भर घालण्याचा पर्याय सुरू राहिला होता आणि वर्षानुवर्षं कुणी ती यादी उघडून पाहिलीच नव्हती. "माझ्या माहेरी निफाडला द्राक्षबाग आहे," मॅडम म्हणाल्या, "पण भुरीवर मी एक ओळ लिहिलेली नाही."

पाटील, जाधव, देशमुख, शिंदे अशी आडनावं आणि पुढे एकच आद्याक्षर असलं की महाराष्ट्रातल्या संशोधकांची अशी सरमिसळ होणं नवल नाही. बायकांच्या बाबतीत दुसरी बाजूही असते. मॅडमचे लग्नाआधीचे सात पेपर माहेरच्या नावाने छापलेले होते आणि ते या यादीत कुठेच नव्हते. डॉ. कमल रणदिवे यांचं उदाहरण इथे मला नेहमी आठवतं. पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांचं लग्न १९३९ मध्ये झालं आणि पीएच.डी. १९४९ मध्ये, त्यामुळे कर्करोगावरचं त्यांचं संशोधन रणदिवे या एकाच नावाखाली सापडतं. ज्यांचं लग्न पहिल्या आणि आठव्या पेपरच्या मध्ये होतं, त्यांचं काम दोन माणसांत वाटलं जातं.

तीन शनिवारच्या दुपारी वाचनालयात बसून आम्ही एकेक पेपर उघडला. हाती आलं ते असं. ९६ पैकी ३१ दुसऱ्यांचे आणि त्यांच्यासोबत आलेल्या ७८० सायटेशन्सही दुसऱ्यांच्या. नऊ नोंदी दुबार किंवा परिषदेतले गोषवारे, त्यांच्या १४ सायटेशन्स. उरले ५६. त्यांत माहेरच्या नावाचे सात मिळवले, ९६ सायटेशन्ससह. म्हणजे मॅडमचे स्वतःचे ६३ पेपर आणि १,७१४ सायटेशन्स. एच-इंडेक्स १३.

त्यातही १,१०४ सायटेशन्स त्या एका १३७ लेखकांच्या पेपरच्या. तो बाजूला ठेवला तर उरतात ६२ पेपर आणि ६१० सायटेशन्स. एच-इंडेक्स मात्र १३ वरून फक्त १२ वर येतो. एकच माणूस, एकच काम, पण एका आकड्यात जवळजवळ दोन तृतीयांश घट आणि दुसऱ्यात फक्त एकाची.

संस्थेने वर्गणी भरलेल्या सशुल्क डेटाबेसमध्ये चित्र आणखी निराळं होतं. तिथे त्यांची दोन प्रोफाइल्स होती, सासरच्या नावाचं एक आणि माहेरच्या नावाचं एक. दोन्ही जोडल्यावर ३४ पेपर आणि एच-इंडेक्स १०. मशेरीचा अभ्यास त्यात नव्हताच, कारण ते जर्नल तिथे नोंदलेलं नाही.

आता खरी अडचण. आदल्या वर्षीच्या संस्थेतल्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर मॅडमचा एच-इंडेक्स १७ लिहिलेला होता. तो प्रोफाइलवरून मी उतरवला होता. मॅडमनी विश्वासाने सही केली होती. एच-इंडेक्स १५ च्या वर असलेल्या प्राध्यापकांना संस्था संशोधन प्रोत्साहन म्हणून २५ हजार रुपये द्यायची आणि ते मॅडमना मिळालेही होते.

पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांत सोपा होता: १९ लिहायचं आणि पुढे जायचं. तो सुचवणारे वाईट लोक नव्हते. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या सगळ्यांच्या प्रोफाइलमध्येही भेसळ असणार. तुम्ही एकट्याच साफ केलीत तर तोटा तुमचाच." यात तथ्य नव्हतं असं नाही. चाळणी लावली जाते ती आकड्याला, आणि आकडा कसा आला हे चाळणीला कळत नाही.

दुसरा, प्रोफाइल गुपचूप दुरुस्त करून १३ लिहायचं आणि मागच्या वर्षीच्या १७ बद्दल बोलायचंच नाही. हा पर्याय दोन दिवस माझ्या मनात होता, हे मी मान्य करतो. त्याने अर्ज खरा झाला असता आणि माझी चूकही झाकली गेली असती.

तिसरा, सशुल्क डेटाबेसचा १० लिहायचा. तो सर्वांत "कडक" म्हणून ओळखला जातो आणि कुणी बोट ठेवू शकलं नसतं. पण त्यात मशेरीचं काम जवळजवळ अदृश्य होत होतं. कमी आकडा म्हणजे जास्त खरा आकडा, असं नसतं.

चौथा, १३ लिहायचं, स्रोत आणि तारीख लिहायची, एक पान खुलासा जोडायचा आणि आपल्या संस्थेलाही मागच्या वर्षीची दुरुस्ती कळवायची. अधिष्ठाता सरांचा याला विरोध नव्हता, पण वेळेबद्दल त्यांचं मत वेगळं होतं. "हेतू वाईट नव्हता. मुलाखत होऊ द्या, मग पत्र द्या. आत्ता दिलंत तर लोक नको ते अर्थ काढतील."

याच दिवसांत आणखी एक दार उघडलं होतं. एका एजंटाचा फोन आला. पैसे भरून कर्करोगावरच्या तयार पेपरात लेखकाची जागा, वर "सायटेशन पॅकेज" वेगळं. मॅडमनी फोन ठेवून दिला, त्यामुळे तो पर्याय कधी टेबलावर आलाच नाही. तरी नोंदवतो, कारण असे फोन आता जिल्ह्याच्या गावांतल्या डॉक्टरांनाही येतात. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त पेपर मागे घेतले गेले आणि त्यांत असे तयार पेपर विकणाऱ्या कारखान्यांतून आलेल्यांचा वाटा मोठा होता. कर्करोगाच्या पेपरात खोटी स्लाइड किंवा खोटा रुग्ण घुसला, तर त्यावर पुढचा कुणी उपचार ठरवतो. हा नुसता नोकरीतल्या प्रामाणिकपणाचा प्रश्न उरत नाही.

काय केलं

आधी जाहिरात देणाऱ्या संस्थेला लेखी विचारलं: आकडे कोणत्या डेटाबेसचे हवेत आणि खुलासा जोडता येईल का? चार दिवसांनी उत्तर आलं. डेटाबेस कोणताही चालेल, स्रोत लिहा. खुलाशासाठी फॉर्ममध्ये जागा नाही, सोबत जोडा. हे एक पत्र पाठवायला आम्ही जवळजवळ विसरलो होतो, आणि पुढे कळलं की सगळ्यांत जास्त परिणाम त्यानेच केला.

मग संस्थेच्या पत्राचा प्रश्न. मॅडम म्हणाल्या, "सर, ते पैसे माझे नव्हते ना? मग मुलाखतीची वाट कशाला पाहायची?" पत्र अर्जाच्या आधी गेलं. त्यात मूळ आकडा कसा आला, दुरुस्त आकडा किती, आणि फॉर्म भरताना यादी न तपासण्याची चूक संशोधन कक्षाची, म्हणजे माझी, हे मी माझ्या सहीने लिहिलं. मॅडमना ते वाक्य नको होतं. मी ठेवलं.

पैसे परत घेणं मात्र सोपं निघालं नाही. लेखा विभागाकडे प्रोत्साहन रक्कम द्यायचं लेखाशीर्ष होतं, परत घ्यायचं नव्हतं. फाइल चार महिने फिरली आणि शेवटी "इतर जमा" खाली चलन निघालं.

अर्जासोबतच्या पानावर आम्ही तीन गोष्टी मांडल्या. पहिली, तपासलेली यादी आणि ती कशी तपासली. दुसरी, मोठ्या पेपरबद्दल एक सरळ वाक्य: "या पेपरमध्ये माझा वाटा २३ रुग्णांची नोंद आणि स्लाइड्सचं वाचन एवढा आहे; एकूण १,७१४ पैकी १,१०४ सायटेशन्स या एका पेपरच्या आहेत." हे वाक्य घालावं की नाही यावर आमची एक अख्खी दुपार गेली. माझं म्हणणं होतं, कुणी विचारलंच नाही तर सांगू नये. मॅडमचं म्हणणं होतं, आकडा मी लिहिते आहे तर तो कशाचा हेही मीच लिहायला हवं. आज मला त्यांचं बरोबर वाटतं.

तिसरी गोष्ट म्हणजे मशेरीच्या पेपरच्या ११ सायटेशन्स. मॅडमनी त्या सगळ्या वाचून काढल्या. दोन संध्याकाळी पुरल्या. अकरापैकी दोन त्यांच्या स्वतःच्याच पुढच्या लेखांतल्या. चार ठिकाणी नुसता यादीत उल्लेख, "तंबाखूचे विविध प्रकार" म्हणून. उरलेल्या पाच पेपरांनी मात्र त्यांचा प्रश्नच उचलला होता. आपापल्या भागातल्या बायकांना "तंबाखू खाता का" न विचारता मशेरीबद्दल थेट विचारलं होतं आणि तसं लिहिलंही होतं. ११ या आकड्यात हे पाच दिसत नाहीत. मोठ्या पेपरच्या १,१०४ सायटेशन्स वाचणं शक्यच नव्हतं. त्यांतल्या पन्नास चाळून पाहिल्या, नाशिकच्या रुग्णांमुळे कुणी तो उद्धृत केला असेल असं एकाही ठिकाणी दिसलं नाही.

क्षेत्रानुसार तुलना करावी म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या मोफत 'आयसाइट'वरही पाहिलं. २०१६ मध्ये मांडलेलं सापेक्ष सायटेशन गुणोत्तर तिथे मिळतं. पेपर त्याच्या शेजारच्या विषयातल्या पेपरांच्या तुलनेत किती उद्धृत झाला, हे त्यातून कळतं, आणि १ म्हणजे साधारण सरासरी. सुईच्या तपासणीवरचे मॅडमचे दोन लेख एकाच्या वर होते. ही आमच्यासाठी खरी बातमी होती, कारण ते लेख त्या स्वतः साधे समजत होत्या. मशेरीचा पेपर तिथे नव्हताच. आयसाइट पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या मोफत सूचीवर, चालतं आणि ते जर्नल पबमेडमध्ये नाही.

मग त्याचा परिणाम दाखवायचा कसा? मॅडमनी तीन ग्रामीण रुग्णालयांचे केसपेपर जोडले, कोरे. त्यांवर "तंबाखू" च्या खाली "मशेरी" असा वेगळा रकाना आता छापलेला आहे. एका तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं पत्र जोडलं. बस एवढंच.

"एकूण इम्पॅक्ट फॅक्टर" च्या चौकटीचं काय करायचं हे शेवटच्या दिवसापर्यंत ठरत नव्हतं. रिकामी ठेवली तर अर्ज अपूर्ण म्हणून बाद होण्याची भीती. शेवटी बेरीज करून आकडा लिहिला. तत्त्वाला ही तडजोड होती आणि ती आम्ही डोळे उघडे ठेवून केली.

निकाल

मॅडमना मुलाखतीचं बोलावणं आलं. पुढे समितीतल्या एका सदस्याकडून कळलं की पहिली चाळणी एच-इंडेक्सच्या रकान्यावर लावली होती आणि रेघ १२ वर मारली होती. १३ ने त्या आत आल्या. "कडक" म्हणून १० लिहिला असता तर मशेरीचं पान कुणी उघडलंही नसतं.

मुलाखतीत बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञाने विचारलं, "तुमच्या जुन्या एका परिचयपत्रात १७ आहे, इथे १३ कसा? एच-इंडेक्स तर कमी होत नाही." मॅडमनी पत्राची प्रत पुढे केली. प्रश्न तिथे संपला. पत्र मुलाखतीनंतर द्यायचं ठरलं असतं, तर त्या टेबलावर त्यांच्याकडे तोंडी स्पष्टीकरणाशिवाय काही नसतं.

पद मिळालं नाही. ते मुंबईहून आलेल्या, रेण्वीय जीवशास्त्रात काम करणाऱ्या संशोधकाला गेलं, ज्यांचा एच-इंडेक्स २४ होता. निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही. त्या विभागाचा आराखडाच प्रयोगशाळेभोवती आखलेला होता. पण २४ आणि १३ या आकड्यांची तुलना झाली असेल तर ती चुकीची होती. प्रयोगशाळेतल्या कर्करोग जीवशास्त्रात सायटेशन्स भराभर पडतात. गावातल्या पाहणीच्या आणि पॅथॉलॉजीच्या पेपरांची चाल संथ असते. क्षेत्राचा फरक लक्षात घ्या, हे अशा आकड्यांच्या वापराबद्दलच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांपैकी एक आहे. मॅडम निराश झाल्या. आठवडाभर त्या वाचनालयात फिरकल्या नाहीत.

तीन महिन्यांनी प्रश्न विचारणाऱ्या त्याच तज्ज्ञांचा ईमेल आला. मशेरीचं मूळ प्रश्नपत्रक त्यांना हवं होतं, दुसऱ्या जिल्ह्यात वापरायला. मॅडमनी ते पाठवलं, सोबत आशाताईंच्या प्रशिक्षणाची मराठी पुस्तिकाही. पुढच्या वर्षी आमच्या संस्थेच्या मूल्यमापन फॉर्मवर "या पेपरमधील स्वतःचं योगदान" अशी एक ओळ वाढली. "एकूण इम्पॅक्ट फॅक्टर" ची चौकट जागेवरच आहे.

आज पुन्हा करायचं तर

सर्वांत मोठी चूक अर्जाच्या कितीतरी आधी झाली होती. मशेरीचा अभ्यास त्या छोट्या जर्नलला दिला, कारण प्रकल्पाचा निधी ३१ मार्चला संपत होता आणि अंतिम अहवालाला "प्रकाशित पेपर" जोडणं बंधनकारक होतं. ते जर्नल सहा आठवड्यांत छापतं, एवढंच पाहिलं. ते पबमेडमध्ये आहे का, हे कुणी पाहिलं नाही; मीही नाही. कर्करोगाचं गावातलं संशोधन जगाच्या नजरेत येत नाही, असं म्हणून सुटका करून घेता येणार नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ महिलांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगाने तिथून घेतलं. मशेरीचा अभ्यास तेवढा मोठा नव्हता. पण शोधणाऱ्याला सापडेल अशा ठिकाणी तो असायला हवा होता, आणि तेवढं आमच्या हातात होतं. निधी देणाऱ्यांकडे सहा महिन्यांची मुदतवाढ मागता आली असती. ती मागितलीच नाही.

दुसरं, यादी दरवर्षी तपासायला हवी होती. आता मी दर जूनमध्ये प्रत्येक प्राध्यापकासोबत अर्धा तास बसतो, आपोआप भर घालण्याचा पर्याय बंद करतो आणि ऑर्किडचा, म्हणजे नाव बदललं तरी संशोधकाची ओळख एकच ठेवणारा, सोळा अंकी क्रमांक प्रत्येकाकडून काढून घेतो. ही मोफत सोय ऑक्टोबर २०१२ पासून आहे. मॅडमचा क्रमांक या प्रकरणानंतर, म्हणजे पन्नाशीत निघाला.

तिसऱ्या गोष्टीवर माझं आणि मॅडमचं अजून एकमत नाही. अर्जावर निवडक तीन पेपरांत त्यांनी मोठा पेपर ठेवलाच नाही. मशेरीचा आणि सुईच्या तपासणीवरचे दोन एवढेच ठेवले. मला वाटतं तो ठेवायला हवा होता. २३ रुग्ण नाशिकहून त्या अभ्यासात गेले, त्यांच्या स्लाइड्स नीट वाचल्या गेल्या, हेही काम आहे आणि असे अभ्यास अशा कामाशिवाय उभे राहत नाहीत. मॅडम म्हणतात, ज्या पेपरबद्दल मी अर्धा तास बोलू शकत नाही, तो माझा निवडक कसा?

परवा त्यांची एम.डी.ची एक विद्यार्थिनी पहिला पेपर घेऊन वाचनालयात आली. एप्रिलमध्ये तो जर्नलला जायचा आहे आणि मेमध्ये तिचं लग्न आहे. "सर, नाव कोणतं घालू?" मॅडम तिथेच होत्या. म्हणाल्या, "पुढची तीस वर्षं जे वापरणार आहेस ते. घरी बोलून घे, पण ठरव तूच. आणि आधी तो क्रमांक काढ." क्रमांक तिने तिथल्या तिथे काढला. नावाची ओळ अजून कोरी आहे आणि पेपर माझ्या टेबलावर आहे.